शर्यतींतील भाव कोण ठरवितो?

घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर प्रत्येक घोड्याचा भाव फळ्यावर लिहिलेला असतो. भाव एकास वीस असला, म्हणजे एक रुपया लावणारास घोडा जिंकल्यावर वीस रुपये नफा. हा भाव बुकी ठरवितो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः बुकी केवळ पहिला अंदाज लिहितो. तो दुरुस्त करितात धंदेवाईक पैज लावणारे. घोड्याचा वंश, सकाळची रपेट, मैदानाची ओल यांचा अभ्यास करून पैसा लावणारा हा वर्ग संख्येनें थोडा; पण पैसा किती आला याइतकेंच तो कोणाचा आला, हेंही बुकी पाहतो. जाणत्याची रक्कम येतांच भाव उतरतो.

हें चक्र किती नाजूक आहे, तें एकदां बंद पाडलें गेलें तेव्हां दिसून आलें. २६ जून १९७५ रोजीं आयर्लंडमधील बेल्यूजटाउन येथें ‘यलो सॅम’ नांवाचा घोडा धावणार होता. मालक बार्नी कर्ली यानें त्याला पूर्वी प्रतिकूल मैदानांवर धाववून त्याची योग्यता झांकून ठेविली होती. शर्यतीच्या थोडें आधीं कर्लीच्या माणसांनीं गांवोगांवच्या पैजेच्या दुकानांतून लहान लहान रकमा लावल्या. तेथील हिशेब शर्यत सुटतांना मैदानावर जो भाव असेल, त्याप्रमाणें होत असे. एरवीं असा ओघ दिसतांच दुकानदार मैदानावर टेलिफोन करून, त्याच घोड्यावर पैसा लावून भाव पाडीत. परंतु मैदानावर सार्वजनिक टेलिफोन एकच होता, आणि मरणोन्मुख मावशीची विचारपूस करण्याच्या मिषानें कर्लीचा एक साथीदार सुमारें अर्धा तास तो अडवून बसला. भाव एकास वीसच राहिला, घोडा जिंकला, आणि दुकानदारांस तीन लक्ष पौंडांहून अधिक रक्कम मोजावी लागली. कायद्याचा भंग कोठेंच झाला नव्हता.

ही कथा चातुर्याची म्हणून सांगितली जाते. तिचा बोध मात्र निराळा आहे. जाणत्यांची बातमी फळ्यापर्यंत पोहोंचूं नये, यासाठीं टेलिफोनच अडवावा लागला. एरवीं तो भाव घटकाभरही टिकला नसता. आतां टेलिफोनची जागा संगणकानें घेतली असून भाव क्षणार्धांत बदलतो. म्हणून घरखर्चांतून चार रुपये बाजूस काढून मैदानावर जाणारानें एवढें ध्यानांत ठेवावें: फळ्यावरील मोठा भाव ही कोणाच्या नजरेंतून सुटलेली संधि नव्हे, बहुधा तें जाणत्यांनीं जेवून उठल्यावर मागें राहिलेलें उष्टें पान असतें.