कट्टे अनेक, माणसे तीच



सुवर्णमहोत्सवी वर्षातील या व्याख्यानासाठी विषय निवडण्याचे स्वातंत्र्य मंडळाने आम्हांला दिले. असे स्वातंत्र्य मिळाले की मराठी वक्ता बहुधा संतवाङ्मयाकडे नाही तर शिवकालाकडे वळतो. आम्ही मात्र एकमेकांची नक्कल करून निघालेल्या, गप्पागोष्टींसाठी आणि दुव्यांच्या देवघेवीसाठी उघडलेल्या संकेतस्थळांचा विषय घेतला आहे. त्याचे कारण आपल्याच कपाटात आहे.

स्मरणिका समितीचे काम करताना मंडळाच्या आरंभीच्या वर्षांची कागदपत्रे आम्हांला फारशा सायासाविना मिळाली. इतिवृत्ताच्या वह्या, हळदीकुंकवाची आमंत्रणे, नाटकाच्या तिकिटांच्या स्थळप्रती, कडा कुरतडलेले दोन अल्बम. सारे जागच्या जागी होते. अडचण आली ती २००७ ते २०१३ या काळाची. ज्या वर्षांत घरोघरी कॅमेरे झाले आणि गणेशोत्सवात पाऊल टाकावे तेथे छायाचित्र निघू लागले, नेमक्या त्याच वर्षांचे एकही छायाचित्र कपाटात नव्हते. चौकशी करता कळले की ती सर्व एका संकेतस्थळावर ठेवली होती आणि ते संकेतस्थळ पुढे बंद झाले. बंद होण्यापूर्वी सूचना आली होती. परंतु ज्या तरुण सभासदाच्या नावे खाते होते तो नोकरीनिमित्त परगावी गेला होता, आणि सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर न वाचता पडून राहिली. त्या काळी आम्हीही कार्यकारिणीत होतो. छायाचित्रे कोठे आहेत, हे आम्ही एकदाही विचारले नाही.

तेव्हापासून ही संकेतस्थळे इतकी निघतात का आणि इतकी बुडतात का, याचा विचार आमच्या मनात घोळत राहिला.

प्रथमच सांगितले पाहिजे की नक्कल करणे आम्ही पाप मानत नाही. १९८३ साली जयनगरात ‘कॅफे दर्शिनी’ निघाले. पैसे आधी द्यायचे, बशी आपण उचलायची, उभ्याउभ्या खायचे. त्याची नक्कल इतकी झाली की ‘दर्शिनी’ हे विशेषनाम या शहरात सामान्यनाम होऊन बसले. एका रस्त्यावर चार दर्शिनी असल्या तरी चारही चालतात. कारण इडली खाणाऱ्याला शेजारच्या दुकानात कोण उभे आहे याच्याशी कर्तव्य नसते. कट्ट्याचे तसे नाही. कट्ट्यावर आपण दगडासाठी जात नाही, तेथे बसलेल्या माणसांसाठी जातो. शेजारी दुसरा कट्टा बांधला, तो अधिक गुळगुळीत असला, तरी मंडळी जुन्याच कट्ट्यावर असतील तर नवा रिकामा राहतो. आणि मंडळी वाटली गेली तर दोन्ही ओस पडतात.

याचे गणित सोपे आहे. शंभर माणसे एका ठिकाणी असली की त्यांच्यात दोघादोघांच्या ४,९५० जोड्या संभवतात. तीच माणसे वीसवीसच्या पाच टोळ्यांत विभागा. प्रत्येक टोळीत १९० जोड्या, म्हणजे पाचांत मिळून अवघ्या ९५०. माणूस एकही कमी झाला नाही, पण ओळखीच्या चार हजार वाटा बुजल्या.

हे ठाऊक असूनही नकला निघाल्या, कारण कट्टा बांधणे फार स्वस्त झाले. १९९७ साली ‘सिक्स डिग्रीज’, २००२ साली ‘फ्रेंडस्टर’, २००३ साली ‘मायस्पेस’ आणि २००४ च्या आरंभी थोड्याच दिवसांच्या अंतराने ‘ऑर्कुट’ व ‘फेसबुक’ निघाले. भारतात ऑर्कुटने घर केले आणि ते पाहून येथील भांडवलदारांनाही स्फुरण चढले. २००७ साली अनिल अंबानींच्या समूहाने ‘बिगअड्डा’ उघडले. त्याच वर्षी ‘इबिबो’ही आले. इबिबोचे पुढे प्रवासाची तिकिटे विकणारे घराणे झाले, ही गोष्ट आम्हांला फार बोलकी वाटते. तिकीट घेणाऱ्याला सोबतीची गरज नसते! ऑर्कुट स्वतः ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले.

दुवे जपणाऱ्या संकेतस्थळांची कथा आणखी उद्बोधक आहे. वाचनात आलेल्या चांगल्या पानाची खूण करून ठेवावी, तीवर आपल्या शब्दांत चिठ्ठी लावावी आणि ती खूण इतरांनाही पाहू द्यावी, या कल्पनेवर जोशुआ शाख्टर यांनी २००३ साली ‘डेलिशस’ उभारले. ग्रंथालयातील कार्डपेटी वाचकांनीच मिळून लिहावी, तशी ही सोय होती. पुढच्याच वर्षी ‘डिग’ निघाले. तेथे वाचकांच्या मतांवर बातमी वर चढे. डिगसारखे संकेतस्थळ उभारून देणारी ‘प्लिग’ नावाची आज्ञावली फुकट मिळू लागली, आणि मग अशा संकेतस्थळांचे पेव फुटले. वाचक इतके कोठून येणार? आले ते जाहिरातदार. बाहेरून जितके दुवे अधिक, तितके आपले दुकान शोधयंत्रात वर दिसते, हे हेरून त्यांनी शेकडो फलकांवर स्वतःच्याच चिठ्ठ्या चिकटवल्या. वाचण्यासाठी निघालेली जागा कोणीही न वाचणाऱ्या मजकुराने भरून गेली.

मूळ डेलिशसला २००५ साली ‘याहू’ने विकत घेतले, २०११ साली विकून टाकले, आणि २०१७ साली ‘पिनबोर्ड’ नावाच्या छोट्या संकेतस्थळाने ते ३५,००० डॉलरांत घेतले. हे पिनबोर्ड म्हणजे एका माणसाचा कारभार. विशेष इतकाच की ते सभासदांकडून पैसे घेत आले होते. आमच्या कोषाध्यक्षांनी वर्गणीची पावतीपुस्तके पुढे केली की ज्यांच्या कपाळाला आठ्या पडतात, त्यांनी हे ध्यानी घ्यावे, असे आम्ही विनोदानेच म्हणतो.

आपल्या शहराकडे वळू. २९ जून २०२० रोजी सरकारने ‘टिकटॉक’सह ५९ अ‍ॅप्सवर बंदी घातली आणि काही दिवसांतच ‘मोज’, ‘जोश’, ‘टकाटक’ अशी नावे कानी पडू लागली. पैकी पहिली दोन बेंगळुरूच्या कंपन्यांची. टकाटक २०२२ साली मोजच्याच मालकांकडे गेले. त्याच २०२० साली येथेच ‘कू’ निघाले. ट्विटरच्या निळ्या पक्ष्यासमोर हा पिवळा पक्षी. फेब्रुवारी २०२१ मध्ये सरकार आणि ट्विटर यांचे बिनसले तेव्हा मंत्री आणि सरकारी खाती त्यावर आली. मोठे भांडवलही आले. कूला केवळ नक्कल म्हणणे आम्हांला अन्यायाचे वाटते. कन्नड, मराठी, हिंदी बोलणाऱ्याने आपल्या भाषेत आणि आपल्या लिपीत मन मोकळे करावे, हा त्याचा विचार स्वतःचा होता. पण ज्यांना उत्तर द्यायचे ती माणसे जुन्या कट्ट्यावरच राहिली. जुलै २०२४ मध्ये कू बंद होत असल्याचे जाहीर झाले, आणि आपल्या भाषांचा एक फळा पुसला गेला.

मराठी संकेतस्थळांत ‘मायबोली’ १९९६ पासूनची, ‘मनोगत’ २००४ सालचे, ‘मिसळपाव’ आणि ‘उपक्रम’ २००७ सालची. प्रत्येकाचा स्वभाव निराळा, तरी लिहिणारे पुष्कळसे तेच. मतभेद झाला की नवे बिऱ्हाड थाटावे ही आपली जुनी सवय. मंडळांच्या इतिहासात ती आपल्याला अपरिचित नाही.

आज भ्रमणध्वनीवर आपल्या मंडळाचे पाच गट आहेत: सर्वसाधारण, महिला, युवक, नाट्य आणि गणेशोत्सव. गतवर्षी एका ज्येष्ठ सभासदांच्या निधनाची वार्ता दोन गटांवर गेली, उरलेल्यांवर गेली नाही. दोन क्रॉस पलीकडे राहणाऱ्या त्यांच्या जुन्या स्नेह्यांना ती दहाव्या दिवशी कळली. ते आम्हांला काही बोलले नाहीत. नुसते, “पूर्वी निरोप्या येत असे,” एवढेच म्हणाले.

येथून थोड्या अंतरावर काडु मल्लेश्वराचे देऊळ आहे. शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी देवाला मेदरनिंगनहळ्ळी गाव दिल्याचा १६६९ सालचा शिलालेख त्या देवळाशी निगडित आहे. त्यातील मल्लपुरावरूनच मल्लेश्वरम् हे नाव आले, असे सांगतात. शिळा कोरून घेण्याची ऐपत मंडळाला नाही. कागद मात्र परवडतो. म्हणून समितीने ठरविले आहे की यापुढे प्रत्येक उत्सवाची बारा छायाचित्रे छापून, मागे नावे व तारीख लिहून अल्बमात लावावीत. ईमेलचा संकेतशब्द एका व्यक्तीजवळ न ठेवता लखोट्यात घालून कोषाध्यक्षांच्या पेटीत ठेवावा. आणि निधनाची वार्ता दूरध्वनीवरून घरोघर कळवावी. त्यासाठी क्रॉसवार यादी करण्याचे काम युवक शाखेने घेतले आहे.

राहता राहिला २००७ ते २०१३ चा काळ. या सभेची सूचना गेल्यापासून सभासदांच्या जुन्या संगणकांतून आणि खणांतून आजवर सतरा छायाचित्रे आली आहेत. त्यांतील एकात आपल्या दिवंगत संस्थापक-सभासदांपैकी दोघे मखरामागे जमिनीवर बसून केळीच्या पानावर जेवत आहेत. त्यांचे एकत्र असे दुसरे चित्र आपल्याजवळ नाही. स्मरणिकेत या सात वर्षांसाठी चार पृष्ठे राखून ठेवली असून त्यांतील अडीच अद्याप मोकळी आहेत. छपाईला अजून तीन आठवडे अवकाश आहे. कोणापाशी काही असल्यास कार्यालयात आणून द्यावे. नक्कल करून मूळ प्रत परत केली जाईल.