आधी जखम नीट पाहा



स्नेहसंमेलनात फिशपाँड संपल्यावर आणि बक्षिसं वाटण्याआधी प्रमुख पाहुण्याला उभं करायची प्रथा कुणी पाडली, देव जाणे. त्यात मी विकृतिशास्त्राचा माणूस, म्हणजे बोलणार मेलेल्या जनावरांविषयीच. जेवणाला अजून वेळ आहे ना?

लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडन नावाचा भाग आहे. 2014 च्या सुमारास तिथे मांजरं मेलेली सापडू लागली. कुणाचं मुंडकं गायब, कुणाची शेपटी. काप इतका सरळ की सुरीच आठवावी. वर्तमानपत्रांनी मारेकऱ्याचं बारसंही उरकून टाकलं. आज मांजरं, उद्या माणसं, अशी भीती पसरली. 2015 च्या अखेरीस पोलिसांनी रीतसर तपास हाती घेतला आणि जवळजवळ तीन वर्षं चालवला. पहिल्या तपासणीत काही मांजरांच्या जखमा संशयास्पद ठरल्या होत्या. मग ती कलेवरं रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या विकृतितज्ज्ञांकडे गेली. त्यांना जखमांच्या कडेला, केसांखाली, दातांची बारीक भोकं दिसली. जखमांवर कोल्ह्याचा डीएनए मिळाला. मांजराचं मुंडकं तोंडात धरून शाळेच्या मैदानात शिरलेला कोल्हा तर कॅमेऱ्यातच सापडला. सप्टेंबर 2018 मध्ये पोलिसांनी जाहीर केलं, हे माणसाचं काम नाही. बरीचशी मांजरं गाडीच्या धडकेनं मेली असावीत, कोल्हे नंतर आले.

नंतर आले हे कशावरून? जिवंतपणी झालेल्या जखमेत रक्त उतींमध्ये झिरपतं, कडा लाल होतात, सुजतात. मेल्यावर झालेली जखम बहुधा फिकी, कोरडी राहते. एवढं तर तुम्हा पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना दुसऱ्या वर्षालाच शिकवतात, आणि परीक्षा झाली की तुम्ही ते विसरता!

निकाल पुष्कळांना पटला नाही. लोकांना खलनायक हवा असतो. शवविच्छेदनाच्या टेबलाशी उभं राहणाऱ्यानं मात्र तो आधीच ठरवून येऊ नये.

याची दुसरी बाजूही ऐका: खलनायक नाहीच, असंही आधी ठरवू नये. आपल्याकडे गल्लीतली चार कुत्री एका रात्रीत मरतात. ‘रोग आला असेल’ म्हणून सकाळी नगरपालिकेची गाडी ती उचलते, विषय संपला. 1960 च्या क्रूरता प्रतिबंधक कायद्यात पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. आज पन्नास रुपयांची किंमत ती काय! पण भारतीय न्याय संहितेचं कलम 325 आहे. जनावराला मारलं, विष घातलं, पंगू केलं, तर पाच वर्षांपर्यंत कैद. विष घातलं हे कोर्टात सिद्ध कशावर होणार? तुमच्या अहवालावर आणि तुम्ही पाठवलेल्या व्हिसेऱ्यावर.

म्हणून मेलेलं जनावर पुरणाऱ्यांना थांबवा, कितीही वास येवो. जठर आतल्या ऐवजासकट घ्या, यकृत घ्या, मूत्रपिंड घ्या. रासायनिक तपासणीचा माल मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे तुकडे फॉर्मॅलिनमध्ये. विषाच्या बरणीत फॉर्मॅलिन ओतलंत तर प्रयोगशाळा काय शोधणार, कपाळ? बरणीवर चिठ्ठी, लाखेचा शिक्का, तारीख. आणि ती हवालदाराच्या हाती देताना त्याची सही आणि बक्कल नंबर घेतल्याशिवाय बरणी सोडायची नाही.