डोकं दुखतंय, हे तिनं सांगितलं नाही

(यवतमाळ येथील महिला मेळाव्यात केलेलं भाषण)

मैत्रिणींनो,

आत्ता ओळख करून देताना ताई म्हणाल्या, "मोटरसायकलवर लेह गाठून आलेल्या आपल्या मैत्रिणी." टाळ्याही वाजल्या. पण आम्ही लेहला पोचलो नाही. का नाही, तेच सांगायला मी उभी आहे.

२०२२ च्या सप्टेंबरात आम्ही चौघी निघालो. एक शिक्षिका, एक नर्स, एक एकटीनं पऱ्हाटीचं वावर सांभाळणारी आणि नोकरी करणारी मी. वेचणी सुरू व्हायच्या आत परतायचं होतं. गाड्या तीन. एकीची कागदपत्रं नवऱ्याच्या नावावर, दुसरीची भावाच्या, तिसरीची वडिलांच्या. चालवणाऱ्या आम्ही, मालक ते. शेजारच्या आजी म्हणाल्या, "काहून जाता वं इतक्या दूर? इथं रस्ते नाहीत काय?" घरी अट होती, काही झालं तर पुन्हा गाडीचं नाव काढायचं नाही.

नागपूर, सागर, झाशी, आग्रा, दिल्ली करत मनाली गाठली. वाटेतली मोठी अडचण इंजिनाची नव्हती, लघवीला जायची होती. शेतातली मैत्रीण त्यावर हसायची, "आमाले तर रोजचंच आहे हे." मग आम्ही पाणीच कमी पिऊ लागलो. हे तर आपण सगळ्याच करतो, एसटीच्या प्रवासातसुद्धा.

आपलं यवतमाळ समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर, मनाली दोन हजारांवर. पूर्वी पुढं जायला रोहतांग खिंड चढावी लागे. २०२० मध्ये नऊ किलोमीटरचा अटल बोगदा सुरू झाला आणि तासन्‌तास वाचू लागले. पण शरीराला उंचीची सवय व्हायला जो वेळ मिळायचा, तोही गेला. आमचा पहिला मुक्काम जिस्प्याला ठरला होता. मीच म्हटलं, ऊन आहे, रस्ता चांगला आहे, चला पुढं. त्या रात्री आम्ही चार हजार मीटरच्या वर, जिंगजिंगबारला तंबूत झोपलो.

पहाटे शेतातली मैत्रीण उठली ती भेलकांडत. रात्रभर उलट्या झाल्या होत्या. डोकं आदल्या दुपारपासूनच दुखत होतं. नर्स असलेली मैत्रीण तिच्यावर चिडली, "सांगितलं का नाहीस?" ती म्हणाली, "माझ्यापायी तुमचं मोडू नये." वर म्हणे, "मले इथंच ठेवा, तुम्ही जाऊन या."

उंचीच्या आजारात तोल जाऊ लागला, की वाट बघायची नसते. खाली उतरायचं, लगेच. रिकाम्या परतणाऱ्या एका ट्रकच्या केबिनमध्ये तिला बसवलं, शेजारी नर्स मैत्रीण. एक गाडी तंबूवाल्याकडे ठेवली, दोन आम्ही मागून आणल्या. केलाँगच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला. संध्याकाळी ती चहा मागू लागली, तेव्हा मी बाहेर जाऊन रडले.

मैत्रिणींनो, दुखणं लपवायचं हे तिला डोंगरानं शिकवलं नाही. बाई आजारी पडली की घराची कामं अडतात, म्हणून ती बोलत नाही. आम्ही घर सोडून दोन हजार किलोमीटर गेलो आणि तेच घर सोबत घेऊन गेलो. मी तिला एकदाही विचारलं नव्हतं, कारण मला लेह दिसत होतं. या बाबतीत मी एखाद्या कुटुंबप्रमुखाहून वेगळी नव्हते.

परतल्यावर घरात "आम्ही म्हणत नव्हतो का" हे ऐकलंच. म्हणूनच काही दिवस आम्हीही "लेह झालं" असं मोघम सांगितलं. आज ते खोटं इथं संपवते.

पुन्हा जाणार आहोत. या वेळी दोन रात्री केलाँगला, आणि रोज सकाळी प्रत्येकीनं आपली तब्येत मोठ्यानं सांगायची. शेतातली मैत्रीण येणार आहे. तिनं मागच्या दिवाळीत स्वतःच्या नावावर गाडी घेतली.

गिअरची गाडी शिकायची असेल त्यांनी नावं द्या. आता तुम्ही विचारा.