झोपेतला श्वास आणि मोजणीतला दोष
(आरोग्य-कार्यकर्त्यांपुढील भाषण)

साथींनो, घोरणे हा आपल्याकडे थट्टेचा विषय आहे. घोरणारा गाढ झोपला आहे, अशीच सर्वांची समजूत. वास्तविक कित्येकदा त्याचा घसा झोपेत मिटत असतो. श्वास १० सेकंद वा अधिक काळ थांबतो, रक्तातील प्राणवायू घटतो आणि मेंदू त्याला दचकवून उठवतो. तासाला ५ वा अधिक वेळा श्वास असा थांबला किंवा मंदावला, की डॉक्टर त्यास स्लीप ॲप्निया म्हणतात. उपचार न झाल्यास रक्तदाब व हृदयविकार बळावतात; वाहन चालवणाऱ्याला तर डुलकीच प्राणघातक ठरते.

एच.आय.व्ही. बाधितांना याचा धोका किती? अमेरिकेतील माजी सैनिकांच्या एका पाहणीत या विकाराचे निदान बाधितांपैकी सुमारे ४ टक्क्यांत, तर अबाधितांपैकी सुमारे १२ टक्क्यांत आढळले. म्हणजे विषाणूने संरक्षण दिले की काय! तसे नव्हे. मोजले गेले ते निदान, विकार नव्हे. ज्याची तपासणीच झाली नाही, तो निरोगी म्हणून गणला गेला. बाधितांचे वजन कमी असणे हेही काही अंशी कारण असेल. परंतु त्याच पाहणीत निदान झालेले बाधित हे अबाधित रुग्णांपेक्षा वयाने लहान व अंगाने सडपातळ होते. डॉक्टरांच्या मनातला रुग्ण मात्र स्थूल, जाड मानेचा, पन्नाशी उलटलेला पुरुष असतो. चाळणी-प्रश्नावल्याही त्याच्याच मापाने बेतलेल्या. बाधिताच्या वाढलेल्या टॉन्सिल्स कोण पाहतो? त्याचा थकवा विषाणूच्या वा औषधांच्या खाती टाकला, की प्रश्न मिटला!

आपल्याकडे २००४ पासून सरकारी केंद्रांत ए.आर.टी. औषधे मोफत मिळू लागली. त्यांच्या बळावर जगलेली माणसे आज पन्नाशीत येत आहेत, आणि आताच्या डोल्युटेग्राव्हिरने अनेकांचे वजनही वाढते. हृदयविकाराचा धोका त्यांना आधीच अधिक आहे. तेव्हा रात्री घोरता का, दिवसा झोप अनावर होते का, हे प्रत्येक केंद्रात विचारले जावे, अशी आपली मागणी असली पाहिजे. नवऱ्याच्या घोरण्याची साक्ष बायको देईल. घरच्यांनी दूर लोटलेल्याची कोण देणार? त्याच्यासाठी जिल्हा रुग्णालयात रात्रभराच्या तपासणीचे साधन हवे. श्वासमार्ग उघडा ठेवणाऱ्या सीपॅप यंत्राची किंमत हजारो रुपयांच्या घरात जाते. ते रोजंदारीवाल्याने स्वतः घ्यावे, असे म्हणणे म्हणजे उपचार नाकारणेच होय.