नगरप्रदक्षिणा : वडोदऱ्याच्या इतिहासाचे दर्शन

(मठाच्या वर्धापनोत्सवात झालेले व्याख्यान)



पंढरपुरास गेलेला यात्रिक विठ्ठलाचे मुखदर्शन घेऊन तसाच परतत नाही. चंद्रभागेचे स्नान, पुंडलिकाचे दर्शन आणि नगरप्रदक्षिणा झाल्यावाचून त्याची यात्रा पुरी होत नाही. काशीस गेलेला मनुष्य पंचक्रोशीची वाट चालतो, ब्रह्मगिरीस गेलेला फेरी घालतो. देव जेथे नांदतो ती भूमीही दर्शनास पात्र असते, ही जाण या रिवाजामागे आहे. परंतु ज्या नगरात आपला जन्म झाला, ज्या नगराच्या पाण्यावर आपला पिंड पोसला, त्या नगराची प्रदक्षिणा करावी असे मात्र थोड्यांच्याच मनात येते. क्षेत्राचे माहात्म्य पुराणात सापडते, नगराचे माहात्म्य कोठे शोधावे, हा प्रश्न त्याच्या आड येत असावा. वडोदऱ्यापुरते त्याचे उत्तर असे की, ते ताम्रपटात आहे, मातीखालून निघालेल्या मूर्तींत आहे, वाड्यांच्या भिंतींवर आहे आणि मोडी दप्तरांच्या रुमालांत आहे. ते वाचण्याची साधने तीन : संग्रहालय, पायी फेरी आणि प्रदर्शन.

वडोदऱ्याच्या नावापासून आरंभ करणे उचित होईल. शके 734 म्हणजे इ. स. 812 या वर्षी राष्ट्रकूट कुळातील कर्क सुवर्णवर्ष याने एक दानपत्र दिले. त्यात अंकोट्टक विभागातील वडपद्रक नावाचे गाव एका ब्राह्मणास दान दिल्याचा उल्लेख आहे. वडांच्या या लहानशा गावाचे पुढे वडोदरा झाले आणि ज्या अंकोट्टकाचा तो एक भाग होता, ते आज विश्वामित्रीच्या पश्चिम तीरावर अकोटा या नावाने शहराचे उपनगर होऊन राहिले आहे. नगरेही मनुष्यासारखीच चढतात आणि उतरतात, हे या दोन नावांवरून ध्यानात यावे.

1951 साली या अकोट्याच्या भूमीतून 68 जैन धातुमूर्ती हाती आल्या. इसवी सनाच्या पाचव्या-सहाव्या शतकापासून पुढील काही शतकांतील त्या आहेत. उमाकांत प्रेमानंद शाह यांनी त्यांचा अभ्यास करून 1959 साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला आणि भारतीय मूर्तिकलेच्या इतिहासात अकोट्याचे नाव कायमचे नोंदले गेले. त्यांतील जीवंतस्वामींची मूर्ती विशेष चिंतनीय आहे. संन्यास घेण्यापूर्वीचे महावीर तेथे मुकुट आणि अलंकार धारण करून उभे आहेत, परंतु मुद्रा मात्र ध्यानस्थ आहे. प्रपंचात राहून विरक्त कसे असावे, याचे व्याख्यान त्या अज्ञात शिल्पकाराने धातूत करून ठेवले आहे. ही मूर्ती एका श्राविकेने अर्पण केल्याचे तिच्या पीठावरील लेखात सांगितले आहे.

या मूर्ती वडोदऱ्याच्या संग्रहालयात पाहताना भाविकाच्या मनात एक शंका उभी राहते, आणि ती रास्तच आहे. जेथे अभिषेक नाही, नैवेद्य नाही, आरती नाही, तेथे काचेआड ठेवलेल्या मूर्तीला हात जोडावेत, की ती एक जुनी वस्तू म्हणून पाहून पुढे जावे? देवळातून संग्रहालयात जाणे हे देवाचे पतन नव्हे काय? याचे समाधान असे आहे की, या मूर्ती कोणी देवळातून काढून काचेआड ठेवलेल्या नाहीत. त्या भूमीत पडून होत्या आणि कित्येक शतके कोणाच्याही दृष्टीस पडत नव्हत्या. संग्रहालयाने त्यांना पुन्हा दर्शनपथावर आणले. शिवाय देवळात दृष्टी देवावर खिळते, घडवणारा आणि देणारा यांचा तेथे विसर पडतो, आणि तसा तो पडावा हेच योग्य. संग्रहालयात मात्र घडवणाऱ्याचा हात आणि देणाऱ्याची श्रद्धा हीसुद्धा दर्शनाचा विषय होतात. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी एका स्त्रीने केलेले दान आजच्या प्रेक्षकाला कळते, ते त्या पीठावरील चार अक्षरे कोणी तरी जतन केली आणि वाचली म्हणून.

हे संग्रहालय सयाजीबागेत, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडी असलेल्या कमाटीबागेत आहे. श्रीमंत सयाजीराव महाराज तृतीय हे नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी 1863 साली जन्मले, 1875 साली दत्तक होऊन गादीवर आले आणि 1881 च्या अखेरीस त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. बाग 1879 सालची, संग्रहालयाची इमारत 1894 सालची आणि तिला जोडलेले चित्रालय 1921 साली खुले झाले. तेथे इजिप्तची ममी आहे, निळ्या देवमाशाचा प्रचंड सांगाडा आहे, युरोपीय चित्रकारांची चित्रे आहेत. मुले ममी आणि देवमासा पाहण्यास धावतात, आणि त्यात वावगे काही नाही. जगाचे कुतूहल सामान्य रयतेच्या दारी आणून ठेवावे, हाच महाराजांचा हेतू होता. ज्याने 1906 साली सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले आणि 1910 नंतर खेडोपाडी ग्रंथालये व फिरत्या पेट्यांची योजना चालवली, त्याच्या दृष्टीने संग्रहालय ही अक्षर न येणाऱ्यांचीही शाळा होती.

संग्रहालय पाहून झाल्यावर पायी फेरीस निघावे. जुन्या शहराचा मध्य मांडवी. तेथून चार दिशांना चार वाटा जातात आणि त्यांच्या टोकांना चार दरवाजे आहेत : पश्चिमेस लहरीपुरा, पूर्वेस पाणीगेट, उत्तरेस चांपानेर आणि दक्षिणेस गेंडी. मांडवीखाली उभे राहिले की गुजरातच्या सुलतानांपासून मोगलांपर्यंत आणि मोगलांपासून गायकवाडांपर्यंतचा काळ त्या एका चौकात मिळालेला दिसतो. जवळच श्रीविठ्ठलाचे मंदिर आहे. कार्तिकी एकादशीस येथून निघणाऱ्या देवाच्या मिरवणुकीस दोन शतकांहून अधिक काळाची परंपरा आहे. भीमातीरीचा देव विश्वामित्रीच्या तीरी कसा आला, याचे उत्तर येथेच मिळते. फौजेबरोबर मराठी माणसे आली आणि त्यांच्याबरोबर त्यांचा देवही आला. शेजारचा गुजराती भाविकही त्याच देवापुढे त्याच श्रद्धेने माथा टेकतो. या मठाचा स्मरणग्रंथ दोन भाषांत निघावा, हे या नगराच्या स्वभावास धरूनच आहे.

लहरीपुऱ्यातून बाहेर पडले की न्यायमंदिराची भव्य इमारत आणि पुढे सुरसागर तलाव लागतो. 1896 सालच्या या इमारतीत शतकाहून अधिक काळ न्यायदान चालले. 2018 साली न्यायालये नव्या संकुलात गेली. त्यापुढे तांबेकर वाडा. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास भाऊ तांबेकर हे वडोदरा राज्याचे दिवाण होते, त्यांचा हा वाडा. बाहेरून साधा वाटणाऱ्या या लाकडी वाड्याच्या आत भिंती कृष्णलीलांनी, पुराणकथांनी, लढायांच्या देखाव्यांनी आणि तत्कालीन लोकजीवनाच्या चित्रांनी भरलेल्या आहेत. पुरातत्त्व खात्याच्या रक्षणामुळे तो वाचला. त्याच्यासारखे इतर अनेक वाडे मात्र गेल्या काही दशकांत पाडले गेले. वाटणीचे तंटे, दुरुस्तीचा खर्च आणि भूखंडाची किंमत ही त्याची कारणे. कोणा एकास दोष देऊन भागणार नाही, परंतु वाडा पडतो तेव्हा त्याबरोबर देवघराचा कोनाडा, माजघराची रचना आणि कडीपाटातील बारकावेही जातात. त्यांची छायाचित्रे तरी अगोदर घेऊन ठेवणे कोणासही शक्य असते.

याच फेरीत दांडिया बाजाराकडे वळावे. श्रीअरविंद 1893 साली वडोदरा राज्याच्या सेवेत आले आणि सुमारे तेरा वर्षे येथे राहिले. त्यांचे निवासस्थान आज अरविंद निवास म्हणून प्रसिद्ध आहे. पुढे 1908 च्या जानेवारीत ते पुन्हा येथे आले असता विष्णु भास्कर लेले या महाराष्ट्रीय योग्याने त्यांना ध्यानाचा मार्ग दाखविला. सरदार मजुमदारांच्या वाड्यातील एका खोलीत तीन दिवस ती साधना चालली. मोठ्या साधनांचे स्थान कित्येकदा गुहा किंवा अरण्य नसते, वर्दळीच्या पेठेतील माडीही असते.

आता प्रदर्शनाविषयी. राजा रविवर्मा यांनी महाराजांसाठी रंगवलेली 14 पौराणिक चित्रे 1890 च्या अखेरीस पुरी झाली. ती राजवाड्यात जाण्यापूर्वी लोकांना पाहावयास मिळाली आणि ती पाहण्यास लोकांची गर्दी लोटली. पुढे 1894 साली मुंबईस छापखाना निघाला आणि रविवर्म्यांची लक्ष्मी व सरस्वती घरोघरच्या देव्हाऱ्यात गेल्या. आज मराठी घरांत देवीचे जे रूप डोळ्यांसमोर येते, त्यामागे या चित्रांचा मोठा वाटा आहे. रविवर्म्यांची अनेक चित्रे 1961 साली स्थापन झालेल्या महाराजा फत्तेसिंह संग्रहालयात पाहावयास मिळतात. तेथून कीर्तिमंदिरात गेले म्हणजे नंदलाल बोस यांनी 1939 ते 1946 या काळात रंगवलेली गंगावतरण, मीराबाईचे जीवन, नटीर पूजा आणि महाभारतयुद्ध ही भित्तिचित्रे दिसतात. पुराणकथा तीच, एकाने ती तैलरंगात देहसौष्ठवाने सांगितली, दुसऱ्याने रेषेच्या संयमाने.

येथवर जे सांगितले ते नगराचे वैभव. परंतु वैभवच तेवढे सांगणारी प्रदक्षिणा अपुरी होय. ज्या कमाटीबागेत संग्रहालय आहे, त्याच बागेत एक स्थान संकल्पभूमी म्हणून ओळखले जाते. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत विद्या संपादन करून डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1917 च्या सप्टेंबरात वडोदरा राज्याच्या नोकरीत रुजू होण्यास आले. राज्याने त्यांना पद दिले, परंतु नगराने निवारा दिला नाही. एका पथिकाश्रमात ते जात लपवून राहिले. ते उघड होताच लाठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना तेथून बाहेर काढले. दोन परिचितांकडेही आसरा मिळाला नाही. मुंबईची गाडी निघेपर्यंतचे तास त्यांनी या बागेत झाडाखाली घालवले. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्या वेळी संग्रहालयाची इमारत उभी राहून तेवीस वर्षे झाली होती आणि राज्यात अस्पृश्यांच्या मुलांसाठी शाळा निघून तर त्याहूनही अधिक काळ लोटला होता. राजाचा कायदा चांगला असूनही प्रजेच्या घराची दारे बंद राहू शकतात, हे या नगराच्या इतिहासातील सत्य आहे. ते वृक्षस्थान वगळून केलेली प्रदक्षिणा भाविकास शोभणारी नाही. संतांनी ज्याला अभेद म्हटले, त्याची परीक्षा मठाच्या सभामंडपात होत नाही; दारी आलेल्या पाहुण्यापुढे होते.

शेवटी या मठाच्या कर्तव्याविषयी. गोविंद सखाराम सरदेसाई 1889 ते 1925 या काळात वडोदऱ्याच्या सेवेत होते आणि त्यांच्या मराठी रियासतीचा पाया येथेच घातला गेला. चिमणलाल दलाल यांनी पाटणच्या ग्रंथभांडारांत जुन्या पोथ्या धुंडाळल्या आणि 1916 साली राजशेखराच्या काव्यमीमांसेने गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा आरंभ झाला. हे कार्य विद्वानांचे खरे, परंतु ज्या कागदांवर ते उभे राहिले, ते कागद कोणा सामान्य माणसानेच वाळवीपासून राखले होते. मठातही जुन्या वह्या आहेत, उत्सवाचे हिशेब आहेत, मोडी पत्रे आहेत. मोडी वाचणारे वृद्ध दरवर्षी कमी होत आहेत. त्यांच्या हयातीतच ती पत्रे बाळबोधीत उतरवून घेतली पाहिजेत, कारण हे काम पुढल्या वर्धापनावर टाकण्याजोगे राहिलेले नाही.

दुसरी गोष्ट भांड्यांची. मठातील पातेली, परात, समया यांवर देणाऱ्याचे नाव आणि तिथी कोरलेली असते. जुने तांब्यापितळेचे भांडे मोडीस घालून पोलादाचे घेताना कोठीवाल्यास सोय दिसते, आणि ती असतेही. परंतु कोणा आजीने मुलाच्या मुंजीच्या वेळी दिलेले नाव त्या भट्टीत वितळते. अकोट्याच्या श्राविकेचे नाव संग्रहालयात आहे आणि या मठातील आजीचे नाव भंगारात, असे होऊ नये. प्रत्येक भांड्यावरील अक्षरे आधी वहीत उतरवावीत, मग भांड्याचे काय करावयाचे ते ठरवावे.

तिसरी गोष्ट सर्वांस साधण्याजोगी आहे. वर्धापनोत्सवाच्या आदल्या दिवशी सकाळी मठातील मुलांना बरोबर घेऊन मांडवीपासून सयाजीबागेपर्यंत पायी जावे. वाटेतील प्रत्येक स्थानाची हकीकत एका वडीलधाऱ्याने मराठीत आणि एकाने गुजरातीत सांगावी. संग्रहालयात जीवंतस्वामींपुढे क्षणभर थांबावे आणि परतताना संकल्पभूमीपाशी सर्वांनी नम्रपणे उभे राहावे. दुसऱ्या दिवशी मग श्रींची पालखी उचलावी. खांदा देणाऱ्याला तेव्हा आपण कोणत्या भूमीवरून चाललो आहोत, हे ठाऊक असेल.