भांडवल हा हक्क, परतफेड हे शील

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण राहतो ती भूमी व्यापाराची आहे. आपले सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक बंदर. इथल्या पूर्ण नावाच्या व्यापाऱ्याने तथागतांचा धम्म स्वीकारला, असे बौद्ध परंपरा सांगते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी इथला स्तूप खोदून काढला. त्या जागेला लोक ‘बुरुड राजाचा कोट’ म्हणत. टोपल्या विणणाऱ्याच्या नावाने राजाचा कोट! मला हे नाव फार आवडते.

आज याच वसईत वालीव, सातिवली, गोखिवरे इथे गाळ्यांच्या रांगा आहेत. सकाळी आपली पोरं डबा घेऊन तिकडे जातात. आता मला सांगा, गाळ्यात राबणारे आपले किती आणि गाळ्याचे मालक आपले किती? उत्तर तुम्हाला ठाऊक आहे.

आपल्या आधीच्या पिढ्या नोकरीने वर आल्या. रेल्वे, गोदी, पालिका, सरकारी कचेऱ्या यांतल्या राखीव जागांनी आपल्याला घर दिले, शिक्षण दिले. पण १९९१ च्या नव्या आर्थिक धोरणानंतर कायम नोकऱ्या आटत गेल्या आणि कंत्राटी कामे वाढली. कंत्राटात आरक्षण कुठले? देशाची अर्थव्यवस्था वाढते आहे, हे खरे. पण वाढत्या ताटात आपला घास कुठे, हे आपणच विचारले पाहिजे.

काही जण म्हणतात, सरकारकडे हात कशाला पसरायचा? बंधूंनो, हा हात पसरणे नव्हे. दीघनिकायातले कूटदन्त सुत्त बघा. महाविजित राजाच्या राज्यात चोरांचा सुळसुळाट झाला. पुरोहिताने सल्ला दिला, की फाशी आणि तुरुंग यांनी हे थांबणार नाही. शेतकऱ्याला बियाणे द्या, व्यापाऱ्याला भांडवल द्या, नोकराला वेतन द्या. लोक आपापल्या कामाला लागले आणि दारे उघडी टाकून निर्धास्त झोपू लागले. म्हणजे भांडवल पुरविणे हे राजाचे कर्तव्य आहे, असे बुद्धवचन आहे. संविधानाच्या ४६ व्या कलमातही दुर्बल घटकांचे, विशेषतः अनुसूचित जाती-जमातींचे आर्थिक हित जपण्याची जबाबदारी राज्यावर टाकली आहे.

बाबासाहेबांनी विलायतेहून परतल्यावर शेअरच्या व्यवहाराचा सल्ला देण्याचा व्यवसाय सुरू केला होता. अर्थशास्त्राचा एवढा मोठा पंडित! पण सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके फिरकेनात. तेव्हा नुसती हुशारी पुरत नाही, पाठबळही लागते.

ते पाठबळ कागदावर तरी आहे. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळ १९७८ साली स्थापन झाले. त्याच्या बीजभांडवल योजनेची मांडणी अशी, की ७५ टक्के बँकेचे, २० टक्के महामंडळाचे आणि आपले फक्त ५ टक्के. २००८ साली पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रम आला. त्यात अनुसूचित जातींना शहरात २५ आणि खेड्यात ३५ टक्के अनुदान ठेवले. २०१५ साली मुद्रा आली, २०१६ साली स्टँड-अप इंडिया आली. १९९० पासून केंद्राच्या सवलती बौद्धांनाही लागू झाल्या, हा लढाही विसरू नका.

मग अडते कुठे? पहिली अडचण दाखल्याची. जातीच्या दाखल्याला १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा वास्तव्याचा पुरावा लागतो. आपण इथे कोकणातून, मराठवाड्यातून आलो. आजोबांचा शाळेचा दाखला गावच्या शाळेत पडून असतो. तो आजच काढून ठेवा, कर्जाच्या आदल्या दिवशी धावपळ नको. दुसरी अडचण बँकेची. ‘तारण आणा, जामीनदार आणा’ असे सांगून माणसाला परत पाठवतात. अहो, लहान उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच बजावले आहे. तेव्हा अर्ज द्या, पोच घ्या, आणि नकार आला तर तो लेखी मागा. तिसरी अडचण दलालाची. तो अनुदानातला वाटा मागतो. उद्यम नोंदणीला एक पैसा लागत नाही, तिथेही तो पाचशे-हजार उकळतो.

आणि माल खपवायचा कुठे? २०१२ च्या धोरणाने केंद्र सरकारच्या खात्यांनी ४ टक्के खरेदी अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून करावी असे ठरले. बहुतेक वर्षी हे ४ टक्के पुरे झालेले नाहीत. यात खात्यांची उदासीनता आहेच, पण माल पुरवायला आपले उद्योजक किती उभे आहेत, हेही बघायला हवे.

आता थोडे कडू बोलतो. महामंडळाचे कर्ज म्हणजे ‘सरकारचा पैसा, कोण विचारतो’ असे समजून तो लग्नात, बारशात उडवू नका. आपण हप्ता बुडवला की आपल्या मागच्या दहा पोरांचे अर्ज बाजूला पडतात. सिगालोवाद सुत्तात तथागतांनी गृहस्थाला कमाईचे चार भाग करायला सांगितले आहेत. एक भाग उपभोगाला, दोन भाग धंद्यात, एक भाग अडीअडचणीसाठी शिल्लक. आणि धंदा कोणता करावा, तर सम्यक आजीविकेचा. दारू, विष, शस्त्रे, मांस आणि प्राण्यांची विक्री हे पाच व्यापार उपासकाला वर्ज्य आहेत.

शेवटी समितीला एक विनंती. दर पौर्णिमेला वंदना झाल्यावर एक तास या सभागृहात टेबल मांडा. बँकेतून निवृत्त झालेले, कचेरीत काम केलेले आपले लोक तिथे बसतील. शिलाई करणाऱ्या ताईंचा, वेल्डिंग शिकलेल्या पोराचा अर्ज भरून देतील, आणि हप्ता वेळेवर गेला का तेही विचारतील. वर्षभरात पाच घरे जरी स्वतःच्या गाळ्यात उभी राहिली, तरी पुढचा वर्धापनदिन सार्थकी लागेल.

जयभीम! नमो बुद्धाय!