मुरुडशेंग आणि इलेक्ट्रॉन

चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांच्या अरण्यांत मुरुडशेंगेचीं झुडपें उगवतात. तिची पिळदार शेंग बाळगुटीसाठीं उगाळतात, म्हणून शहरांतल्या घरांतही ती परिचयाची आहे. तिचें आरशांतलें प्रतिबिंब पाहिलें, तर उजवा पीळ डावा दिसतो. मग शेंग कितीही फिरविली तरी त्या प्रतिबिंबाशीं जुळत नाहीं. उजव्या पायाचा जोडा डाव्या पायांत बसत नाहीं, तसेंच हें. पदार्थांच्या अंतर्रचनेंतही असा हस्तभेद असतो, हें लुई पाश्चर यानें १८४८ सालीं स्फटिकांवरून दाखविलें.

इलेक्ट्रॉनलाही परिवलन नांवाचा एक जन्मजात गुण आहे. तो भोवऱ्याप्रमाणें खरोखर फिरतो असें नव्हे. परंतु इवल्या लोहचुंबकासारखा वागतो, आणि मोजतांना त्याच्या दोनच दिशा आढळतात : वर किंवा खालीं. १९९९ सालीं इस्राएलांतील वाइझमन संस्थेचे रॉन नामन व त्यांचे सहकारी यांस आढळलें कीं, हस्तभेदी रेणूंच्या थरांतून एका दिशेच्या परिवलनाचे इलेक्ट्रॉन अधिक सुलभतेनें पार जातात. पुढें हाच गुण अर्धवाहकांतही शोधण्यांत आला.

तो मोजतात कसा? अर्धवाहकाच्या पापुद्र्यास चुंबकीय धातूची अतिसूक्ष्म सुई टेकवितात. सुईच्या चुंबकत्वाची दिशा प्रथम वर ठेवून विद्युत्प्रवाह मोजतात. मग ती उलटवून पुन्हां मोजतात. दोहोंतील तफावतीवरून परिवलनाचा कल कळतो. २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील प्रयोगांत शिसें व आयोडीन असलेल्या पापुद्र्यांत हा कल शेंकडा ८६ पर्यंत आढळला.

परंतु एवढ्यावर विश्वास कसा ठेवावा? सुईचा एखादा दोषही फसवा आकडा दाखवूं शकेल. येथें आरसाच पंच ठरतो. उजव्या द्रव्याऐवजीं डावें घेतलें, तर कल उलटला पाहिजे. हस्तभेदरहित द्रव्यांत तो नाहींसा झाला पाहिजे. तसेंच घडलें, म्हणून तो आकडा ग्राह्य ठरला.

२०२१ सालीं याच तत्त्वावर, चुंबकावांचून व सामान्य तापमानांत, वर्तुळाकार ध्रुवित प्रकाश देणारा दिवा सिद्ध झाला. मात्र त्या प्रकाशाचें ध्रुवण शेंकडा २.६ एवढेंच होतें. शिवाय पिळाचा हा प्रभाव एवढा मोठा कां, याचें सर्वमान्य गणित अद्याप जुळलेलें नाहीं.

बाळगुटी उगाळणाऱ्या आजीबाईस औषधाचें कारण सांगतां आलें नाहीं, तरी वेढे मोजण्यांत तिची चूक होत नसे. कारण हातीं येईपर्यंत प्रयोगशाळेलाही मोजण्यांतली तीच दक्षता पाळावी लागते.